वॉटर कूलिंगमध्ये ॲल्युमिनियम वापरा, पण जोडीला तांबं नको

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ब्लॉक उघडला तेव्हा आत पांढरट, चिकट लगदा भरलेला होता, गार होऊन आळलेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा. भाच्याने विचारलं, "मावशी, शेवाळ धरलंय का?" शेवाळ नव्हतं. ते पाणी हवेवर गार करणारा त्याचा रेडिएटरच विरघळून तिथे येऊन बसला होता.

सात महिन्यांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने ते मशीन जोडलं होतं. सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या खोलीत तो व्हिडिओ एडिटिंग करतो, रात्र रात्र रेंडर चालू असतो. निकेल चढवलेला तांब्याचा ब्लॉक, "सगळं तांबंच असतं हो" असं सांगून गल्ल्यावरून विकलेला २४० मिलिमीटरचा रेडिएटर, डिस्टिल्ड वॉटर, आणि शेवाळ धरू नये म्हणून टाकीत चांदीची तार. आता रेंडर लावला की प्रोसेसर मिनिटभरात ९५ डिग्रीच्या वर जायचा आणि स्वतःचा वेग पाडायचा. रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारला तर आटे पांढरे पडलेले, आणि सुई लावली की भुगा सुटत होता. रेडिएटर तांब्याचा नव्हताच.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात चौदा वर्षं युटिलिटी सांभाळते आहे. चिलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर आणि त्यांतून फिरणारं पाणी हे माझं रोजचं काम. त्या दिवसानंतर भाच्याच्या तीन-चार मित्रांनी "मग ॲल्युमिनियम वापरायचंच नाही का?" असं विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. ॲल्युमिनियम वाईट धातू नाही. स्वस्त आहे, हलका आहे, आणि रेडिएटरसाठी तर पुरेसा चांगला आहे. फक्त तांब्याबरोबर एकाच पाण्यात त्याचा संसार होत नाही.

असं का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक गोष्ट पाठ करावी लागणार नाही. दोन वेगळे धातू, दोघांमध्ये पाणी आणि बाहेरून दोघांना जोडणारा धातूचा रस्ता, एवढं जमलं की बॅटरी तयार झाली. ॲल्युमिनियमचं प्रमाणित विद्युत विभव उणे १.६६ व्होल्ट, तांब्याचं अधिक ०.३४; आकडा जितका खाली, तितका तो धातू झिजायला तयार. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे पूर्ण दोन व्होल्टचा फरक दिसत नाही, पण जेवढा दिसतो तेवढा पुरतो. या जोडीत झिजतं ते नेहमी ॲल्युमिनियमच. चांदी तर तांब्याच्याही वर, अधिक ०.८० वर. भाच्याने टाकलेली ती तार म्हणजे आगीत तेल होतं. बाहेरचा रस्ता कुठून आला म्हणाल, तर रेडिएटर केसला स्क्रूने बसवलेला, ग्राफिक्स कार्डाची पट्टीही केसलाच, आणि केस पॉवर सप्लायच्या अर्थिंगला.

माझे बाबा वायरमन होते. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला सरळ बोल्टने आवळलेली दिसली की ते काम थांबवायचे. बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला जोड, आणल्याशिवाय हात लावायचे नाहीत. लहानपणी मी असा काळा पडून जळालेला सांधा त्यांच्या पिशवीत पाहिला आहे. तिथे तर पाणी म्हणजे नुसती पावसाळ्याची दमट हवा होती. तुमच्या मशीनमध्ये ते चोवीस तास फिरतं.

"मग रेडिएटरला रबरी वॉशर लावून केसपासून तोडला तर?" भाच्याने चांगला प्रश्न विचारला होता. तरीही भागत नाही. तांबं पाण्यात अगदी किंचित विरघळतं. ते कण प्रवाहाबरोबर ॲल्युमिनियमवर येतात, तिथे तांब्याचा बारीकसा ठिपका होऊन बसतात, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वतंत्र बॅटरी सुरू होते. म्हणून ॲल्युमिनियम सगळीकडून सारखं पातळ होत नाही, त्याला खड्डे पडतात, सुईने टोचल्यासारखे. आमच्या मोल्डिंग लाइनवर तांब्याच्या पाइपानंतर ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, म्हणजे पाणी वाटून देणारा ठोकळा, लावला होता. मध्ये रबरी होज होते, धातूला धातू कुठेही लागत नव्हता. तरी तो गळला, आणि कापून पाहिला तेव्हा बाकीची भिंत जवळजवळ नव्यासारखी होती.

पहिलं काम: हातात काय आहे ते ओळखा

खोक्यावर काय छापलंय आणि काउंटरवरचा माणूस काय म्हणतोय, यावर जाऊ नका. निकेल चढवलेलं पितळ, पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम आणि झिंकचं ओतीव फिटिंग (नळी जोडायचा तुकडा), तिन्ही दिसायला चंदेरीच. लोहचुंबक इथे उपयोगाचा नाही, तिघांनाही चिकटत नाही.

माझी पद्धत अशी. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. फिटिंगची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, काढा आणि कोरडं वजन करा. मग स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. फिटिंग शिवणकामाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोरा झटकून तो सोडवा. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतात तितके घन सेंटिमीटर त्या फिटिंगचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. उत्तर साडेआठच्या आसपास आलं तर पितळ, साडेसहाच्या थोडं वर आलं तर झिंकचं ओतकाम, आणि २.७ च्या जवळ आलं तर ॲल्युमिनियम. भाच्याचं एक फिटिंग २३.६ ग्रॅमचं होतं, पाण्यात २.८ दाखवलं. भागाकार ८.४, म्हणजे पितळ. एका फिटिंगला पाच मिनिटंही लागत नाहीत. सगळी तपासायची गरज नाही, एका पाकिटातलं एक पुरे.

रेडिएटर बुडवता येत नाही. त्याच्या तोंडाच्या आतल्या कडेला, जिथे रंग पोचत नाही तिथे, जाड सुईने हलकी रेघ ओढा. पिवळी चमक दिसली तर पितळ, लालसर दिसली तर तांबं, पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. हातात घेतल्यावरही कळतं. त्याच मापाचा तांब्या-पितळेचा रेडिएटर चांगलाच जड लागतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. विचारात घ्यायचा तो पाण्याला शिवणारा धातू. एसीच्या कंडेन्सरमध्ये अनेकदा नळी तांब्याची आणि बाहेरच्या पात्या ॲल्युमिनियमच्या असतात. पाण्याच्या दृष्टीने तो तांब्याचाच. उलट, बाहेरून प्लास्टिकचं झाकण असलेला ब्लॉक आतून काहीही असू शकतो.

सगळं ॲल्युमिनियम घ्यायचं ठरवलं तर

मग सगळंच. ब्लॉक, रेडिएटर, फिटिंग, तापमान मोजायचा सेन्सर, पाणी काढायचा छोटा नळ. लोक ब्लॉक आणि रेडिएटर बरोबर आणतात आणि शेवटी एक पितळी नळ लावून मोकळे होतात. ॲल्युमिनियमची फिटिंग मिळाली नाहीत तर ॲसिटलची, म्हणजे आपण ज्याला डेल्रिन म्हणतो त्या प्लास्टिकची घ्या. पाण्याचा दाब तिथे फार नसतो, हाताने आवळली तरी पुरतात. ईके या स्लोव्हेनियाच्या कंपनीने २०१७ मध्ये फ्लुइड गेमिंग नावाने अख्खी ॲल्युमिनियमची मालिका आणली होती. असा पूर्ण संच कुणाकडून जुना मिळाला तर सुट्या भागांची जुळवाजुळव करण्यापेक्षा तो घ्या. ग्राफिक्स कार्डासाठी ॲल्युमिनियमचा ब्लॉक मिळणं मात्र अवघड असतं. तेवढ्यासाठी तांब्याचा ब्लॉक आणू नका. कार्ड पंख्यावरच राहू द्या.

थंडाव्यात किती फरक पडतो? तांब्याची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४०० च्या आसपास, शुद्ध ॲल्युमिनियमची २३७. आकडे ऐकून वाटतं की फार नुकसान होईल. पण रेडिएटरमध्ये खरी अडचण धातूची नसते, धातूवरून हवेत उष्णता जाण्याची असते, आणि ती पंख्यावर आणि पात्यांच्या क्षेत्रफळावर ठरते. तिथे डिग्री-दोन डिग्रीचा फरक. ब्लॉकची गोष्ट वेगळी. प्रोसेसरची उष्णता नखाएवढ्या जागेतून येते, तिथे तांबं खरोखर सरस ठरतं. प्रोसेसरला शेवटपर्यंत रेटणाऱ्याने सगळं तांबं घ्यावं, असंच मी सांगेन. रोजचं काम, मध्यम प्रोसेसर आणि खर्चाची मर्यादा असेल तर ॲल्युमिनियम पुरतं.

काही मुलं नाना पेठेतून मोटरसायकलचे रेडिएटर आणतात. केटीएम ड्यूक, पल्सर एनएस २०० यांसारख्या लिक्विड कूल गाड्यांचे. ते ॲल्युमिनियमचे असतात आणि ॲल्युमिनियमच्या संचात चालतात, पण त्यांच्या पात्या धावत्या गाडीच्या वाऱ्यासाठी केलेल्या असतात. पीसीचा शांत पंखा तिथे कमी पडतो, जोराचा लागतो. जुना असेल तर आतलं जुनं कूलंट पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

भोसरीत ब्लॉक करून घेताना

ओळखीतल्या व्हीएमसीवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने धातू कोरून देणाऱ्याकडून, ब्लॉक किंवा पाण्याचे मार्ग कोरलेली डिस्ट्रिब्युशन प्लेट करून घेणं पुण्यात सोपं आहे, हा आपला फायदा. पण तीन गोष्टी आधी बोलून घ्या.

पहिली, मटेरियल. ॲल्युमिनियमचा ६०६१ किंवा ६०८२ ग्रेड मागा आणि टीसी, म्हणजे धातूच्या तपासणीचं सर्टिफिकेट, दाखवायला सांगा. शॉपमध्ये पडलेला तुकडा कुणी प्रेमाने देऊ केला तरी विचारा कुठला आहे. २०२४ या ग्रेडमध्ये साधारण चार टक्के तांबं असतं. दिसायला तोच, मशीनवर छान कापला जातो, पण तुम्ही बाहेर ठेवलेलं तांबं धातूच्या पोटातून आत आणलेलं असतं. ७०७५ मध्येही दीड टक्क्याच्या आसपास तांबं आहे.

दुसरी, आटे. पीसीच्या सगळ्या फिटिंगचे आटे जी वन बाय फोर, म्हणजे पाव इंची समांतर बीएसपी (पाइपाच्या आट्यांचं ब्रिटिश माप), इंचाला १९ आटे. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारण्याआधीचं भोक ११.८ मिलिमीटर. शॉपमध्ये हाताशी असतो तो बहुतेक वेळा पाइपाचा टेपर, म्हणजे निमुळते आटे पाडणारा, टॅप. तो मारला की फिटिंग अर्ध्यावरच घट्ट होतं, ओ-रिंग जागेवर बसत नाही, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे उखडतात. कामगाराला "पॅरलल" हा शब्द स्पष्ट सांगा आणि एक फिटिंग सोबत नेऊन तिथेच लावून बघा.

तिसरी, ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने ऑक्साइडचा थर जाड करणं. सगळं मशीनिंग आणि टॅपिंग झाल्यावर करायचं, आधी नाही. ॲनोडायझिंगने ॲल्युमिनियमला चांगलं संरक्षण मिळतं, पण त्याच्या भरवशावर तांबं मिसळू नका. थराला फिटिंग आवळताना एक ओरखडा पडला की सगळी झीज त्या ओरखड्यावर एकवटते आणि खोल भोक पडतं. मोठं तांबं आणि चिमूटभर उघडं ॲल्युमिनियम, ही सगळ्यांत घातक जोडी. निकेल चढवलेल्या तांब्याचंही तसंच: निकेलही ॲल्युमिनियमला झिजवतं, आणि निकेलच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचं तांबंही.

ब्लॉक घरी आल्यावर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. सोडा, चुना, ड्रेन साफ करायची पावडर यांतलं काहीही नको. ॲल्युमिनियमचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४ ते ८.५ एवढ्यातच टिकतो. धुण्याच्या सोड्याने घासलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. ताक, चिंच त्यात का ठेवत नाहीत, तेही.

आणि प्रोसेसरवर लिक्विड मेटलची पेस्ट अजिबात नको. तिच्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियमच्या कणाकणांमध्ये शिरतं आणि घट्ट धातू बिस्किटासारखा ठिसूळ करून टाकतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकखाली साधी थर्मल पेस्टच.

पाणी

निम्मी लढाई इथे आहे. नुसतं डिस्टिल्ड वॉटर ॲल्युमिनियमला पुरत नाही, त्यात गंजरोधक हवंच.

आधी पाणी. खडकवासल्याचं नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यात क्लोरीन मारलेलं असतं, आणि त्यातून येणारं क्लोराइड ऑक्साइडचा थर फोडतं. उंड्री, वाघोलीकडे जिथे बोअर आणि टँकरवर भागतं तिथे तर विचारच नको. घरचं आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या आणि टीडीएस मीटर टाकून बघा. एक-दोनच्या वर आकडा नको. मला सीलबंद कॅनमध्ये १८ सापडलेला आहे. अजून एक सांगते, कारण आपल्याकडे हे सहज घडतं. पिण्यासाठी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी इथे वापरू नका. आमचं जुनं घर कसबा पेठेत, तांबट आळीच्या मागेच. मठारकाम केलेल्या घागरीतल्या पाण्यावर मी वाढले, त्या ठोक्यांचा आवाज अजून कानात आहे. पण त्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं, आणि ॲल्युमिनियमला नेमकं तेच नको. शेवाळासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच कारणाने नाही म्हणा. चांदीची तारही नाही.

आता कूलंट. पीसीसाठीचं, बाटलीवर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं तयार द्रव्य मिळालं तर तेच घ्या. नाही मिळालं तर गाडीचं ओएटी प्रकारातलं, म्हणजे सेंद्रिय आम्लाचं गंजरोधक असलेलं कूलंट चालतं, कारण गाडीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचेच असतात. तयार मिसळलेलं घ्या. कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा पातळ करू नका. पुण्यात पाणी गोठत नाही, मग कूलंटमधलं गोठण रोखणारं ग्लायकॉल कशाला, असं वाटून लोक चमचाभर टाकतात. मग गंजरोधकही चमचाभरच पडतं. ग्लायकॉलमुळे पाणी घट्ट होतं, पंपावर थोडा भार येतो, तापमान थोडं वाढतं. ते सोसा. एप्रिलमध्ये खोली ३५ वर गेली तर पाणी ४५ च्या आसपास दिसेल, चालेल. ६० च्या जवळ जाऊ देऊ नका.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. घरात लहान मूल, मांजर, कुत्रं असेल तर सांडलेला थेंबही लगेच पुसा आणि बाटली वरच्या फळीवर ठेवा. प्रोपिलीन ग्लायकॉलचं मिळालं तर घरासाठी तेच बरं. आणि ॲक्रिलिकची टाकी स्पिरिटने पुसू नका, तडे जातात.

भरल्यावर चोवीस तास फक्त पंप चालवा. मदरबोर्डचा २४ पिनचा कनेक्टर काढून त्यातली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडली की पॉवर सप्लाय चालू होतो, बाकी मशीन मेलेलं राहतं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा. रंगीत कूलंटचा इथे फायदा होतो, पांढऱ्या कागदावर एक टिपूससुद्धा दिसतो.

त्या पहिल्या दिवशीच पीएचची पट्टी बुडवून आकडा लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघा. आकडा घसरत चालला म्हणजे गंजरोधक संपत आलंय. टाकीच्या तळाशी पांढरी साय किंवा गढूळपणा दिसला तर वाट बघू नका. काहीही दिसलं नाही तरी वर्षाने पाणी बदला.

आधीच मिसळून बसला असाल तर

मशीन आज बंद करा आणि पाणी काढा. ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाकून द्या. आतून किती खाल्लंय ते बाहेरून कळत नाही. तांब्याचा ब्लॉक मात्र बहुतेक वेळा वाचतो. उघडा, मऊ टूथब्रशने पात्यांच्या दिशेने लगदा काढा, आडवा ब्रश मारू नका. निकेल नसेल तर पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवा. नळ्या नव्या घ्या. पंप उघडून धुवा.

दुकानात मिळणाऱ्या बंद एआयओ (ऑल-इन-वन, सगळं आधीच जोडून भरलेल्या) कूलरमध्ये तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतात, हे खरं आहे. तिथे कारखान्यात मोजून गंजरोधक भरलेलं असतं आणि आत ताजी हवा जवळजवळ जात नाही, म्हणून ती जोडी काही वर्षं निभावते. उघडून त्यात साधं पाणी घालू नका.

भाच्याने शेवटी तांब्याचा ब्लॉक ठेवला आणि पितळी टाक्यांचा रेडिएटर घेतला, सुई मारून बघितल्यावर. जुना ब्लॉक साफ करायला आम्हाला पूर्ण रविवार लागला. त्याच्या मित्राने मात्र सगळं ॲल्युमिनियमचं केलं, भोसरीतून ब्लॉक करून. वर्षाने पाणी बदलायला मी गेले होते. टाकीचा तळ स्वच्छ, रेडिएटरच्या तोंडाचे आटे चकचकीत. दोन्ही केसच्या आतल्या बाजूला मी चिकटपट्टी लावली आहे, मशीन पुढे कुणाच्याही हातात गेलं तरी कळावं म्हणून. त्यावर मार्करने लिहिलंय: धातू कोणता, द्रव्य कोणतं, भरल्याची तारीख, पहिल्या दिवशीचा पीएच.